शब्दाची वसुली

पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० च्या ऑक्टोबरात व्याख्यानाला म्हणून शहरातली बडी मंडळी जमली होती. व्याख्यान कशावर झाले हे आज कुणाच्या लक्षात नाही. त्यानंतर मिशनच्या लोकांनी पाहुण्यांपुढे जो चहा ठेवला, तो मात्र इतिहासात गेला. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गावातली आणखी बरीच शिकली-सवरलेली माणसे होती. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचे मन मोडू नये म्हणून कप नुसता हातात धरून खाली ठेवला. या सगळ्याच्या मागे गोपाळराव जोशी होते, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि गावाला दोन वर्षे पुरेल एवढा विषय मिळाला.

ख्रिस्त्यांच्या हातचा चहा प्याल्याबद्दल ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले. सरदार बाळासाहेब नातूंसारख्या सनातन्यांनी पुढाकार घेतला, फिर्याद शंकराचार्यांपर्यंत गेली, आचार्यांनी चौकशीला शास्त्री नेमले. साक्षीपुरावे झाले, ग्रंथांचे आधार निघाले. टिळकांनी आपली बाजू शास्त्राच्याच भाषेत मांडली आणि आपण काशीला प्रायश्चित्त घेऊन मोकळे झालो आहोत असे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. आपल्यामुळे मित्रांच्या घरी जी कुचंबणा चालली होती ती संपावी, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांच्या पत्नी रमाबाईंना ते पटले नाही. नवऱ्याने नमते घेतल्याचे त्यांना किती लागले, हे त्यांनी आपल्या आठवणींत लपवलेले नाही.

आज हे वाचताना हसू येते, आणि ते यावेही. पण या प्रकरणात एक गोष्ट हसण्यासारखी नाही. एवढी मोठी चौकशी झाली, पण तीत या माणसांनी कुणाचे काय वाईट केले, हा प्रश्न निघालाच नाही. प्रश्न होता तो कप कुणाच्या हातून आला याचा. त्याच शहरात चाळिशीतले विधुर दहा-अकरा वर्षांच्या मुलींशी उजळ माथ्याने बोहल्यावर चढत होते, आणि त्याबद्दल शंकराचार्यांकडे जावे असे कुणाला वाटले नाही. नीती आणि सोवळे यांची अशी अदलाबदल झाली की पुढाऱ्याला पकडायचे कशावरून हेच समाज विसरतो. मग चहाचा कप सापडतो आणि माणूस निसटतो.

पुढच्या पानांतले लेख राजकीय आणि धार्मिक पुढाऱ्यांच्या बोलण्या-वागण्याबद्दल आहेत. विषय जुना आहे, आणि त्यावर लिहिणे फार सोपे आहे, हीच त्यातली मोठी अडचण. पुढाऱ्याने काय म्हटले हे डावीकडे लिहावे, त्याने काय केले हे उजवीकडे, मधल्या फटीकडे बोट दाखवावे आणि वाचकांच्या टाळ्या घ्याव्यात. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राने तर यासाठी दोन खानेच करून ठेवले : बोलके सुधारक आणि कर्ते सुधारक. कुणाला कुठल्या खान्यात टाकायचे यावर आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षे वाद चालू आहेत. मला या खान्यांचा कंटाळा आला आहे. फट तर प्रत्येकाच्या वागण्यात असते. ती मोजून फारसे काही हाती लागत नाही. त्या फटीची किंमत कुणी मोजली, आणि बोललेल्या शब्दाचे पुढे काय झाले, हे दोन प्रश्न विचारले की माणसे वेगळी दिसू लागतात.

रानड्यांपासूनच सुरुवात करायला हवी, कारण महाराष्ट्रात या विषयाचे नाव काढले की १८७३ सालचे त्यांचे लग्न पुढे येतेच. विधवाविवाहोत्तेजक मंडळाच्या आघाडीवर ते होते. १८६९ मध्ये मुंबईत जो गाजलेला पुनर्विवाह झाला, त्याला उघड पाठिंबा देऊन त्यांनी बहिष्कार ओढवून घेतला होता. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. वय एकतीस, पुण्यात न्यायाधीशाची जागा, आणि मत जगजाहीर. विधवेशी लग्न करून दाखवण्याची वेळ कधी आली असती तर ती हीच होती. वडिलांनाही नेमकी तीच भीती होती. त्यांनी घाईघाईने मुलगी पाहिली आणि महिना-दोन महिन्यांच्या आत अकरा वर्षांच्या मुलीशी रानड्यांचे लग्न लावून दिले. लग्नच नको, निदान आत्ता नको, असे रानड्यांनी सांगून पाहिले. वडिलांनी ऐकले नाही, आणि वडिलांचा शब्द मोडण्याएवढा कठोरपणा मुलात नव्हता.

विरोधकांना आयते कोलीत मिळाले. सहकाऱ्यांना मान खाली घालावी लागली. याच चळवळीतल्या विष्णुशास्त्री पंडितांनी पुढच्याच वर्षी स्वतः विधवेशी विवाह केला, त्यामुळे तुलनाही आपसूक झाली. रानड्यांच्या घरात त्यांची स्वतःची विधवा बहीण होती, हे लक्षात घेतले तर चित्र आणखी अवघड होते. विधवांच्या प्रश्नावर सभेत बोलून घरी परतणाऱ्या माणसाला तो प्रश्न रोज समोर दिसत होता.

आता याला दंभ म्हणायचे का? मी म्हणत नाही. रानड्यांनी आपल्या लग्नाचे समर्थन करणारा एकही सिद्धान्त काढला नाही. अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करणे कसे योग्य, हे त्यांनी कुठे पटवून दिले नाही. पुनर्विवाहाची चळवळ सोडली नाही, किंवा आपली चूक झाकावी म्हणून दुसऱ्याची उकरून काढली नाही. हा दुबळेपणा होता, आणि तो मोठ्या माणसाचा असल्यामुळे महागात पडला. पण किंमत कुणी मोजली हे विचारले की सोपी सुटका होत नाही. रानड्यांना टीका सहन करावी लागली हे खरे. पण अकरा वर्षांच्या ज्या मुलीला कुणी विचारले नव्हते, तिने त्या घरात वर्षानुवर्षे काय सोसले, ते तिच्या स्वतःच्या पुस्तकात आहे. नवरा रात्री शिकवायचा आणि दिवसा घरातल्या बायका त्या शिक्षणाबद्दल टाकून बोलायच्या. इंग्रजी वाचले म्हणून टोमणे, सभेत गेली म्हणून अबोला. नवऱ्याची सुधारणा बाहेर भाषणात होती, पण घरात त्या सुधारणेचे ओझे बायकोच्या डोक्यावर होते. रानडे गेल्यावर याच रमाबाईंनी पुण्याच्या सेवासदनाचे काम उभे केले. त्यावरून ‘शेवटी चांगलेच झाले’ असे म्हणणारे लोक आहेत. त्यांना रमाबाईंचे पुस्तक पुन्हा वाचायला द्यावे.

दुबळेपणा आणि दंभ यांतला फरक पाहायचा तर मुंबईचा महाराज लायबल खटला पाहावा. या संग्रहातला त्यावरचा लेख मोठा आहे आणि तो तसाच असायला हवा होता. करसनदास मुळजी हे गुजराती पत्रकार. त्यांनी १८६० मध्ये ‘सत्यप्रकाश’ पत्रात वल्लभ संप्रदायाच्या महाराजांवर लेख लिहिला. भक्तांनी तन, मन, धन गुरूला अर्पण करायचे, या शिकवणीचा आधार घेऊन महाराज भक्तांच्या बायका-मुलींचा उपभोग घेतात, हा आरोप त्यात स्पष्ट शब्दांत होता. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. साक्षीदार फुटावेत म्हणून भाटिया समाजातल्या शेटियांनी आपल्या ज्ञातीत बंदी घातली : महाराजांविरुद्ध जो साक्ष देईल त्याला वाळीत टाकू. त्यावरही स्वतंत्र खटला झाला आणि शेटियांना दंड भरावा लागला.

१८६२ मध्ये मुख्य खटला चालला तेव्हा साक्षीला जे उभे राहिले त्यांत डॉक्टर भाऊ दाजी लाड होते. मुंबईतले नामांकित वैद्य, संस्कृतचे अभ्यासक, श्रीमंत घरांतून ज्यांची ऊठबस होती असा माणूस. त्यांनी आणि डॉक्टर धीरजराम दलपतराम यांनी महाराज मंडळींच्या गुप्तरोगाविषयी कोर्टात सांगितले. ज्याची प्रॅक्टिस त्याच शेटियांवर चालते, त्याने पिंजऱ्यात उभे राहून हे बोलणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. निकाल मुख्य मुद्द्यावर करसनदासांच्या बाजूने लागला. जे नीतीने वाईट ते धर्मशास्त्राच्या नावाखाली चांगले ठरू शकत नाही, असा न्यायमूर्ती अर्नोल्ड यांच्या निकालपत्राचा आशय होता.

इथे दंभ त्याच्या पुऱ्या स्वरूपात दिसतो. महाराजांच्या बोलण्यात आणि वागण्यात फट होती एवढेच नव्हते. वागणे झाकायला बोलण्याचा उपयोग केला जात होता. धर्म हे आवरण होते, आणि किंमत मोजत होती ती घरातली बाई, जिच्या बाजूने बोलायला तिचा नवराही तयार नव्हता, कारण त्याची श्रद्धाही त्याच ठिकाणी गहाण पडली होती. शेटियांची बंदी हा त्या व्यवस्थेचाच भाग होता. एकट्या गुरूच्या अंगात दांभिक होण्याचे बळ नसते. त्याच्याभोवती सभ्य, श्रीमंत, देवभोळ्या माणसांचे कडे लागते, आणि त्या कड्यातल्या प्रत्येकाला आपण धर्माचे रक्षण करतो आहोत असे मनापासून वाटत असते. करसनदासांचे पुढे काय झाले? १८६३ मध्ये ते विलायतेला गेले आणि समुद्र ओलांडला म्हणून त्यांच्याच ज्ञातीने त्यांना वाळीत टाकले. गुरूचे वागणे माफ झाले, शिष्याची बोट माफ झाली नाही.

हे जुने झाले असे कुणाला वाटत असेल तर दोन गोष्टी सांगतो. या खटल्यावरचा ‘महाराज’ हा हिंदी चित्रपट २०२४ च्या जूनमध्ये यायचा होता, तेव्हा भावना दुखावतील म्हणून गुजरात उच्च न्यायालयाने आधी त्याला स्थगिती दिली. न्यायाधीशांनी चित्रपट पाहिल्यावरच ती उठली. आणि आसाराम प्रकरणात, ज्यात २०१८ साली जोधपूरच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली, साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे खून पडले. १८६१ मध्ये साक्ष देणाऱ्याला पंगतीतून उठवत होते. त्या मानाने भाटिया शेटिये सौम्यच म्हणायचे.

राजकारणाकडे वळले की मामला अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण इथे माणसे एका बाबतीत जीव द्यायला तयार असतात आणि दुसऱ्या बाबतीत सही द्यायलाही नाही. हे मी टिळकांबद्दल लिहितो आहे. त्यांच्याबद्दल असे लिहिले की अजूनही काही वाचक पत्र पाठवतात, त्यांनी जरूर पाठवावे.

संमतिवयाच्या कायद्याचा वाद १८९० मध्ये पेटला होता. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये, ही टिळकांची भूमिका. पण त्यांनी नुसता विरोध केला नाही, सुधारकांना एक पेच टाकला. मुलीचे लग्न सोळाच्या आत करणार नाही, मुलाचे विसाच्या आत करणार नाही, चाळिशी उलटलेल्याने लग्न करायचेच तर विधवेशी करावे, अशी कलमे त्यांनी मांडली आणि ज्यांना सुधारणा हवी आहे त्यांनी आधी स्वतःला बांधून घेऊन सह्या कराव्यात असे सुचवले. चाल बिनतोड होती. कायदा मागणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्वतःला असे बांधून घेतले नाही, आणि त्यांच्या बोलकेपणाचा पुरावाच टिळकांच्या हाती आला.

अठ्ठावीस वर्षे गेली. मार्च १९१८ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरली. अध्यक्ष सयाजीराव गायकवाड. टिळक आले आणि असे बोलले की सभागृह दणाणून गेले. देवालाच अस्पृश्यता चालत असेल तर त्याला मी देव म्हणणार नाही, या आशयाचे. त्या भाषणाने लोक भारावले असतील यात मला शंका नाही. परिषदेच्या निमित्ताने एक जाहीरनामाही फिरत होता : मी स्वतः माझ्या रोजच्या वागण्यात अस्पृश्यता पाळणार नाही. त्यावर अनेक पुढाऱ्यांनी सह्या केल्या. टिळकांनी केली नाही.

ज्या माणसाने आपल्या लिखाणापायी मंडालेत सहा वर्षे काढली, त्याला सहीची भीती वाटावी? भीती तुरुंगाची नव्हतीच. सही केली असती तर स्वतःच्याच अनुयायांपुढे, पुण्यातल्या आपल्याच माणसांपुढे ती निभावावी लागली असती, दर पंगतीला, दर सणाला. सरकारला अंगावर घेणे त्यांना जमत होते, आपल्या आळीला अंगावर घेणे नाही. रानडे आणि टिळक जन्मभर भांडले, पण या एका ठिकाणी दोघे शेजारी उभे आहेत. तरी फरक उरतोच. रानड्यांनी दुसऱ्याला सही करायला लावून त्याची फजिती केली नव्हती. जो पेच आपण दुसऱ्याला टाकला, तोच आपल्यापुढे आल्यावर बाजूला सरकणे हे मला १८७३ च्या लग्नापेक्षा अधिक खटकते.

इथपर्यंत आलेला वाचक म्हणेल, मग अशा बोलक्या शब्दांचा उपयोग काय? महाडवरचा लेख याच प्रश्नाचे उत्तर आहे, आणि माझ्या मते या संग्रहाचा गाभा तोच. सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. कौन्सिलातल्या सभ्य गृहस्थांनी हात वर केले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. ठराव इतिवृत्तात गेला. तळ्यावर पूर्वीसारखेच चालू राहिले. इतर सर्व धर्मांचे लोक तिथे पाणी भरत, जनावरे पाणी पीत. अस्पृश्य माणूस ठराव होऊनही तिथे फिरकत नव्हता, कारण ठराव आणि पाणी यांच्या मध्ये गाव उभे होते. अंमलबजावणीची तसदी न घेता उदार ठराव करायची ही सवय आजही आपल्या नगरपालिकांपासून संसदेपर्यंत जिवंत आहे. ठराव करणाऱ्याला पुण्य मिळते आणि काहीच बदलावे लागत नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर महाडला भरलेल्या परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नवा कायदा त्यांनी मागितला नव्हता. जो ठराव झाला होता, तो खरा आहे असे धरून ते वागले, एवढेच. न वटवता पडून राहिलेली हुंडी कुणीतरी पेढीवर नेऊन ठेवावी तसे ते होते. पेढीवर किती गोंधळ उडाला हे सगळ्यांना माहीत आहे. देवळात शिरणार अशी आवई उठली, प्रतिनिधींवर लाठ्या पडल्या, नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग दिवाणी दावा, मनाई हुकूम, अपिले. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. तेरा वर्षांपूर्वी नगरपालिकेने जे फुकट देऊ केले होते, ते मिळवायला डोकी फुटावी लागली.

पण नगरपालिकेला ठराव मागे घ्यावा लागला, याकडे मी वाचकाचे लक्ष वेधू इच्छितो. तीन वर्षे तो पडून होता तोवर कुणाला त्याची अडचण नव्हती. खोटा शब्द निरुपद्रवी असतो तो कुणी खरा मानीपर्यंत. कुणीतरी तो खरा मानून दारात उभा राहिला की बोलणाऱ्याला दोनच वाटा उरतात : शब्द पाळा, किंवा सगळ्यांसमोर गिळा. दोन्हींत काहीतरी घडते.

महात्मा फुल्यांनी हेच दुसऱ्या बाजूने केले होते. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकार सभेचे बोलावणे रानड्यांकडून आले, तेव्हा त्यांनी नकाराचे पत्र लिहिले, जे ‘ज्ञानोदया’त छापले गेले. जे लोक माणसांचे मूळ हक्क सर्वांना देत नाहीत, त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसणार नाही, असा त्याचा रोख. सभेचे लोक स्वतःला देशाच्या भल्यासाठी झटणारे म्हणवत होते. फुल्यांनी त्यांना विचारले, देश म्हणजे कोण? आणि हे विचारण्याचा अधिकार त्यांना होता, कारण १८६८ मध्येच त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. ज्यांना फसवलेल्या विधवांबद्दल सभेत कळवळा येत होता, त्यांच्या शहरात फुले दांपत्याने अशा एका ब्राह्मण विधवेचे मूल दत्तक घेतले होते. रा. गो. भांडारकरांनी १८९१ मध्ये आपल्या विधवा मुलीचे लग्न लावले, धोंडो केशव कर्वे १८९३ मध्ये स्वतः विधवेशी विवाह करून मुरूडकरांच्या रोषाला सामोरे गेले. अशी माणसे होती. त्यांच्यावर संग्रहात स्वतंत्र लेख नाहीत, कारण त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. एक अपवाद गाडगे महाराजांचा.

गाडगे महाराजांची आपल्याकडे जी तसबीर झाली आहे, तिच्यात खराटा आणि गाडगे आहे आणि हिशेबाची वही नाही. त्यांच्या चोखपणाचे मर्म मला वहीत दिसते. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे धर्मशाळा बांधल्या. त्या इमारतींत स्वतः राहिले नाहीत. आपल्या नात्यातल्या कुणाचा या संस्थांवर हक्क राहणार नाही, हे त्यांनी आपल्या हयातीतच सांगून ठेवले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. पाया पडायला आलेल्याला ते पाया पडू देत नसत. आता यात त्यागाची महती गाण्याजोगे पुष्कळ आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की त्यांनी स्वतःच्या चांगुलपणावर विश्वास ठेवला नाही, वारसांच्या तर नाहीच. आज मठाधिपतीचा पुतण्या आणि आमदाराचा मुलगा यांना गादी कशी मिळते हे पाहणाऱ्या वाचकाला वेगळे उदाहरण द्यायला नको.

आजच्या राजकारणावर या संग्रहात कमी आहे, अशी तक्रार येईल. ती रास्त आहे. पण मला वाटते, आजचा प्रश्न दंभाचा राहिलेलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर प्रत्येक उमेदवाराला शपथपत्रात आपल्यावरचे गुन्हे आणि आपली मालमत्ता लिहावी लागते. हे शपथपत्र कुणालाही पाहता येते. कलमे लिहिलेली असतात, तारखा असतात, पाच वर्षांपूर्वीच्या आणि आताच्या मालमत्तेचे आकडे शेजारी ठेवून पाहता येतात. माणूस सगळे सांगून उभा राहतो आणि निवडून येतो. काल ज्याला भ्रष्ट म्हटले त्याच्याच मांडीला मांडी लावून आज शपथ घेतो, आणि विचारले तर हसून राजकारण असेच असते म्हणतो. यात दंभ कुठे आहे? दांभिकाला निदान लाज झाकायची असते.

म्हणूनच दंभाचा आरोप वापरताना हात थोडा आखडता ठेवावा असे मी म्हणतो. हा आरोप फक्त त्याच्यावर करता येतो ज्याने काही चांगले बोलून ठेवले आहे. ज्याने कधी काही कबूलच केले नाही, त्याच्यावर तो लागत नाही. पंचहौदचा चहा घेणाऱ्यांची दोन वर्षे टवाळी झाली. चहा घ्यायला न आलेल्या, विधवांचे केशवपन चालू ठेवणाऱ्या गृहस्थांना कुणी विचारले नाही. गोपाळराव जोश्यांचा विनोद मला आवडतो, त्या माणसाची धिटाईही आवडते. पण त्या विनोदाने शेवटी कुणाचे काम केले, तर सरदार नातूंचे. समाजमाध्यमांवर आज रोज एक गोपाळराव जन्माला येतो. जुनी चित्रफीत काढायची, नव्या विधानाशेजारी लावायची, दोन तासांत लाखभर लोक हसतात. हसून झाले की पुढे काय, याची तजवीज कुणाकडे नसते. ती तजवीज बोल्यांच्या ठरावावर बोट ठेवून तळ्यावर जाणाऱ्यांकडे होती.

लेखांच्या क्रमाबद्दल दोन शब्द. संपादकांनी ते कालानुक्रमे लावले आहेत आणि त्याला माझा विरोध नाही. तरी वाचकाने महाडचा लेख आधी वाचावा, मग महाराज लायबल खटल्याचा, आणि रानडे-टिळकांवरचे दोन्ही लेख त्यानंतर. थोरांपासून सुरुवात केली की आपण लगेच वकील तरी होतो नाहीतर फिर्यादी तरी. टिळकांवरच्या लेखाच्या लेखकाचे आणि माझे सहीच्या प्रश्नावर एकमत नाही. त्यांच्या मते १९१८ च्या राजकारणात ती सही टिळकांना परवडण्यासारखी नव्हती आणि स्वराज्याचे काम त्यापेक्षा मोठे होते. त्यांचे म्हणणे त्यांनी पुराव्यानिशी मांडले आहे. ज्यांना सही हवी होती त्या माणसांना ते पटवता आले असते का, एवढे मात्र तो लेख वाचताना मनात ठेवावे.